घरजावई पाहिजे

नारायणगावात माझ्या एका मित्राच्या हॉलमध्ये चक्क समुद्र आहे. म्हणजे तीन फुटांची काचेची टाकी, आत खडक, आरओच्या पाण्यात कालवलेलं समुद्री मीठ आणि एक केशरी-पांढरा क्लाउनफिश. होय, तोच, २००३ च्या 'फाइंडिंग निमो'वाला! मित्र सोमवार ते शुक्रवार पुण्यात आयटीत, त्यामुळे टाकीची खरी मालकीण त्याची आई. त्या माशाचा जोडीदार गेल्या वर्षी मेला आणि काकूंनी टुमणं लावलं, "एकटा आहे रे बिचारा, त्याला एखादी बायको आण." (हेच वाक्य त्या मुलाबद्दलही म्हणतात, पण तो विषय वेगळा.)

तर मंडळी, गडबड इथेच आहे. क्लाउनफिश आधी नर म्हणूनच वयात येतात. गटातला सगळ्यात मोठा, दांडगा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा तिचा नर, आणि बाकीचे गपगुमान लहान राहतात. मादी मेली की नराला बढती मिळते, तोच मादी होतो. परतीचा रस्ता मात्र नाही. फ्रिके दांपत्याने १९७७ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. अप्रेझलची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सिस्टिम लगेच कळते! थोडक्यात, काकूंचा 'बिचारा' एव्हाना 'ती' झाला असणार. बायको नाही, घरजावई हवा होता.

म्हणून दुकानात जाऊन नर द्या, मादी द्या, असं विचारू नका. आपल्याच जातीचा आणि आपल्या माशापेक्षा चांगला लहान, एवढंच बघायचं. काकूंची 'ती' तीन इंचांची, म्हणून हा दीड इंचाचा. बरोबरीचा आणला आणि तोही मादी निघाला तर मारामारी एकीच्या जिवावर बेतते. आणि हो, मासा हॅचरीत वाढलेलाच घ्या. प्रवाळातून ओरबाडून आणलेले मासे बऱ्याचदा दमलेले, आजारी असतात. आता तर आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे, त्यामुळे सबब नको.

आमचा जावई मुंबईहून माळशेज घाट चढून आला. शेजारच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात बंदरांवरचा माल जुन्नरला यायचा. हा थर्माकोलच्या खोक्यात, मित्राच्या मांडीवर बसून आला.

आल्या आल्या त्याला टाकीत सोडलं नाही. दोन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलं, अंगावर पांढरे ठिपके वगैरे येतात का ते बघायला. काकूंना हे अजिबात पटलं नाही. "पाहुण्याला कुणी ओसरीवर ठेवतं का?" मग मोठ्या टाकीचं पाणी थेंबाथेंबाने तासभर त्याच्या भांड्यात सोडलं, खारटपणा आणि तापमान जुळेपर्यंत. (दुकानातून आलेल्या पिशवीतलं पाणी टाकीत कधीही ओतायचं नाही.) टाकीतले खडक हलवले, कारण घर अनोळखी वाटलं की जुन्या माशाची दादागिरी जरा उतरते. मग दिवे मालवून भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात त्याला आत ठेवलं. पाच दिवस दोघं प्लास्टिकच्या आडून एकमेकांना न्याहाळत होते.

शनिवारी डबा उघडला तेव्हा मी तिथेच होते. दहा मिनिटांत ती त्याच्या अंगावर गेली. तो फिल्टरच्या नळीमागे दडला तेव्हा शेपूट फाटलेलं होतं. काकू जाळी घेऊन उभ्या. मित्र म्हणे, "थांब गं, भांडू दे थोडं, होईल सवय." माझं मत काकूंना! पाठलाग चालतो, जखम झाली की वेगळं करायचं. दीड इंचाच्या जिवाला पळायला जागा असते कुठे? जावई परत डब्यात.

पुढच्या आठवड्यात काकूंनी पुन्हा सोडलं आणि थेट ऑफिसात फोन, "अरे, त्याला फिट आली!" तो तिच्यासमोर आडवा होऊन थरथरत होता. ही फिट नव्हे, ही शरणागती. तू मोठी, मी लहान, हे त्याने मान्य केलं होतं. त्यानंतर तिने त्याला हात... सॉरी, तोंड लावलं नाही. हल्ली रात्री दोघं एकाच कोपऱ्यात झोपतात.

तरी एक सांगते. एकटा क्लाउनफिश दुःखी असतोच असं नाही. नीट खातो, पोहतो, दहा-दहा वर्षं जगतो. 'अजून सिंगल?' हा प्रश्न आपल्याला नकोसा होतो, तर निदान माशाला तरी विचारू नका. जोडीदार आणायचाच असेल तर आधी दोन माशांना पुरेल अशी टाकी हवी आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप हवा. जुन्नर-आंबेगावात काय आणि कोथरूडमध्ये काय, वीज सांगून जात नाही. आणि दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारा, दोघांचं जमलं नाही तर लहान मासा परत घेणार का? तो 'बघू' म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.