खुराक डब्यात शोधू नका

कोल्हापूरच्या तालमीत पहाटेची मेहनत आटोपली की थंडाईची तयारी सुरू होते. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटून दुधात मिसळायची. मग जेवण आणि दुपारची हक्काची झोप. संध्याकाळी पुन्हा जोर-बैठका. मेहनत, खुराक आणि आराम यांतले एक जरी चुकले तरी पठ्ठ्याच्या अंगाला काही लागत नाही, हे वस्तादांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आज मात्र मुलाने मैदानावर जायला सुरुवात केली की महिनाभरात घरात प्रोटीन पावडरच्या डब्याचा विषय निघतो. नामांकित कंपनीच्या किलोभर डब्याला दोन-तीन हजार रुपये सहज जातात. ज्या घरात हा खर्च उसनवारी करून होतो, तिथला मुलगा अनेकदा पाचला उठून नुसत्या चहा-बिस्किटावर धावायला जातो, शाळेत पोहे किंवा वडापाव खातो आणि डाळ-उसळ-अंडे जे काही मिळते ते एकदम रात्री.

खरी गफलत इथे आहे. स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाहीत. जोरकस सरावात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि पुढचे 24 ते 48 तास शरीर त्यांची डागडुजी करत असते. या कामाला लागणारी प्रथिने दिवसभर थोडी थोडी मिळाली पाहिजेत. एका वेळी साधारण 20-25 ग्रॅम पुरतात. रात्री ताट भरून खाल्ल्याने सकाळ-दुपारची तूट पूर्णपणे भरून निघत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासात पावडर प्यायली नाही तर मेहनत वाया जाते, या दाव्यालाही भक्कम आधार नाही. दिवसभराची बेरीज आणि तिची विभागणी महत्त्वाची.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सामान्य प्रौढासाठी किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. नियमित कसून सराव करणाऱ्या खेळाडूसाठी क्रीडा-आहारतज्ज्ञ 1.2 ते 2 ग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे 50 किलोच्या मुलाला 75 ग्रॅम धरू. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या डाळ-उसळ, मूठभर शेंगदाणे, तेवढेच फुटाणे आणि चार ज्वारीच्या भाकऱ्या एवढ्यात बेरीज सत्तरच्या पुढे जाते. अंडी न खाणाऱ्या घरात सोयाबीन आणि पनीर आहेच.

पण पोटच भरत नसेल तर प्रथिनांचाही उपयोग होत नाही, कारण शरीर तीच जाळून ऊर्जा मिळवते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या ऊर्जा-तुटीकडे जगाचे लक्ष वेधले. अशा तुटीमुळे धावणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडांना बारीक तडे जातात. पाळी थांबली तर ‘बरेच झाले, सरावात अडथळा नको’ असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हा धोक्याचा इशारा समजून त्या मुलीला डॉक्टरांकडे न्यावे.

झोपेचेही तेच. किशोरवयात 8 ते 10 तास लागतात. रात्री दहापर्यंत क्लास आणि पहाटे पाचला मैदान, या वेळापत्रकात दुखापत ठरलेलीच.

डब्यात नेमके काय आहे, हा प्रश्न वेगळाच. 2024 मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन उत्पादनांची तपासणी झाली. त्यांतल्या 25 उत्पादनांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले निघाले, काहींत बुरशीजन्य विष सापडले. उत्तेजकांची भेसळ असेल तर नियम सरळ आहे: पदार्थ शरीरात कसाही गेला असो, जबाबदार खेळाडूच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकडेवारीत भारताच्या 5,606 नमुन्यांपैकी 213 नमुन्यांत प्रतिबंधित पदार्थ आढळले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. सतरा वर्षांच्या पोराने दुकानदाराच्या शब्दावर आपली कारकीर्द पणाला का लावावी?

आणि सरकार काय करते? नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून सोय करा, असे शाळांना सांगितले. पदकांची भाषा बोलणाऱ्या राज्याला हे शोभत नाही. आदिवासी पाड्यावरच्या किंवा ऊसतोड मजुराच्या धावपटू मुलीसाठी त्या अंड्याची जागा घेणारे दुसरे काही त्या ताटात नसते.

हा निधी सरकारने पूर्ववत करावा. क्रीडा वसतिगृहांनी सकाळचा सराव संपताच भरपेट न्याहारी द्यावी. जत्रा समित्या कुस्ती मैदानाच्या इनामावर लाखो रुपये लावतात. त्यातला थोडा वाटा गावातल्या लहान पैलवानांच्या दुधा-अंड्यांसाठी बाजूला काढणे त्यांना जड नाही. यंदाच्या जत्रेच्या बैठकीत कुणीतरी हा ठराव मांडावा.