दमणारा कुत्रा आळशी नसतो

आमच्या या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत शेळ्या, कोंबड्या, लहान मुलांची दुखणी हेच विषय अधिक असतात. अलीकडे मात्र एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. "आमचा कुत्रा चांगला खेळकर आहे. हाक मारली की उड्या मारतो. पण शेळ्यांमागे थोडे अंतर गेला की जीभ काढून झाडाखाली बसतो. त्याचा दम कसा वाढवावा?" प्रश्न साधा वाटतो. पण ज्या घरात चार-पाच शेळ्या हीच काय ती शिल्लक, त्या घरात राखणीचा कुत्रा हा एक कामाचा माणूसच होय. म्हणून आज यावर सविस्तर लिहावयाचे ठरविले आहे.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत कळपामागे किंवा शेतातल्या आखाड्यावर जो उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा दिसतो, त्याला आपण कारवानी म्हणतो. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अशा तांड्यांबरोबर हा कुत्रा दक्षिणेत आला, असे सांगितले जाते. कानाशेपटीला लांब मऊ केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात याच कुळीचा कुत्रा मुधोळ या नावाने प्रसिद्ध आहे. टपाल खात्याने २००५ साली त्याचे तिकीट काढले, आणि २०१६ साली सैन्याने मेरठच्या आपल्या केंद्रात हे कुत्रे शिकवावयास घेतले. म्हणजे आपल्या आखाड्यावर शिळी भाकरी खाऊन राहणारा हा प्राणी काही साधासुधा नव्हे.

पण त्याची घडण कशासाठी आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय ही सारी तयारी थोडा वेळ वाऱ्यासारखे धावण्यासाठी आहे. अमेरिकेत अलास्का येथे १९७३ पासून बर्फावर कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत होते. तिचे अंतर सुमारे १६०० किलोमीटर आहे. ते कुत्रे दाट केसांचे, थंडीतले, आणि महिनोन्‌महिने तयार केलेले असतात. आपला कारवानी एक जोरदार धाव घेतल्यावर थांबून धापा टाकतो, हा त्याचा दोष नाही. मोटारसायकलला बांधून त्याला पाच-सहा किलोमीटर पळविणे म्हणजे दम वाढविणे नव्हे, जीव घेणे आहे. सशामागे सोडून दम वाढविण्याची काहींना हौस असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, हेही येथे सांगून ठेवतो.

असे असले तरी धावून दमणे वेगळे, आणि नुसते चालून दमणे वेगळे. तरुण कुत्रा दोन शेते ओलांडताच बसत असेल, तर व्यायामाचा विचार करण्यापूर्वी दुखणे शोधले पाहिजे. नाहीतर दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते. ताकदीच्या बाटल्या आणि कॅल्शियमची पावडर यांवर पैसे जातात, आणि कुत्रा होता तेथेच राहतो.

घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात. पहिली, ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, अशा वेळी डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग पाहावा. तो पांढुरका दिसला तर अंगात रक्त कमी आहे असे समजावे. दुसरी, कुत्रा सावलीत झोपला असताना बरगडी किती वेळा वरखाली होते ते एक मिनिट मोजावे. तीसपर्यंत ठीक. रोजच त्याहून जास्त भरत असेल तर छातीचा किंवा हृदयाचा विकार असू शकतो, विशेषतः जोडीला खोकला असेल तर. तिसरी, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेवर व बगलेत गोचीड आहेत का ते पाहावे. ही मोजणी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे सोपवावी आणि वहीत लिहून ठेवावी. डॉक्टरांना दाखविताना या वहीचा मोठा उपयोग होतो.

आपल्या भागात दमणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला संशय गोचिडावरच घ्यावा. गोचीड रक्त पितो एवढेच नव्हे, तो चावताना रक्तात ताप सोडतो. या गोचीड-तापात कुत्रा खाणे कमी करतो, मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात. कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी चहासारखी गडद होते. काही कुत्र्यांत हा ताप महिनोन्‌महिने आत दडून राहतो. कुत्रा खेळतो, शेपूट हलवतो, पण दम धरत नाही. मालकाला वाटते, आळशी झाला. रक्त तपासून घेतले की बहुधा कारण कळते. औषध आहे आणि गुणही येतो, मात्र गोळ्या कित्येकदा तीन-चार आठवडे रोज द्याव्या लागतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच थांबू नये.

कुत्र्यावरचा गोचीड केवळ कुत्र्यावर राहत नाही. मादी खाली उतरून भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची बसण्याची जागाही साफ केली पाहिजे, भेगा बुजविल्या पाहिजेत, गोणपाट उन्हात तापविले पाहिजे. येथे एक कळकळीची सूचना. कापसावर किंवा तुरीवर फवारायचे औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नका. तो ते चाटतो, कातडीतूनही विष भिनते, आणि तोंडाला फेस येऊन तासाभरात कुत्रा जाऊ शकतो. घरातली मुले त्याच अंगाला हात लावतात हेही ध्यानात ठेवावे. रॉकेल आणि जळके ऑईल यांचेही तेच. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोचिडाचे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

दुसरा चोर म्हणजे पोटातले जंत. आकड्यासारख्या दातांचे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि लहान पिलू त्याने दगावूही शकते. पिलाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, आणि मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. त्याच खेपेस पिसाळण्याविरुद्धची वार्षिक लस झाली आहे का, तेही विचारून घ्यावे. माणसाच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या मात्र कुत्र्याला देऊ नयेत. त्या त्याचे यकृत, मूत्रपिंड, पोट बिघडवितात.

"नजर लागली" म्हणून गळ्यात काळा दोरा बांधलेले कुत्रे अजूनही दिसतात. दोऱ्याखाली चार गोचीड सुखाने नांदत असतात! आपण घरातील माणसांसाठी अंगारा-धुपारा सोडला, तो मुक्या जनावरासाठी तरी का धरावा?

दुखणे नसेल, किंवा बरे झाले असेल, तर खाण्याकडे वळावे. नुसती ज्वारीची भाकर आणि पाणीदार ताक यांवर पोट भरते, पण स्नायू बनत नाहीत. भाकरीच्या काल्यात उकडलेले अंडे, मटणाच्या दुकानातले स्वस्त तुकडे शिजवून, किंवा सुकट खळखळून धुऊन घालावी. शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती टोकदार फुटून आतडे फाडतात. कांदा-लसणाचा रस्साही नको, कांद्याने कुत्र्याचे रक्त कमी होते. कारवानीच्या बरगड्या थोड्या दिसणे चांगलेच, मात्र कंबरेची हाडे वर आली असतील तर तो उपाशी आहे. खाणे दोन वेळा विभागून द्यावे आणि खाल्ल्यावर दोन तास पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो, आणि मग वेळेत डॉक्टर मिळाला नाही तर तो वाचत नाही.

आता ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची उष्णता मुख्यतः जिभेवाटे, धाप टाकूनच बाहेर पडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. त्या हवेत धापेनेही अंग निवत नाही. कुत्र्याचा नेहमीचा ताप-आकडा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. तो १०४ च्या वर गेला की धोका, १०६ ला प्राणावर बेतते. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. तुम्हांला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. कुत्रा झोकांड्या देऊ लागला, लाळ घट्ट झाली, तर सावलीत घेऊन पोटावर, मांड्यांवर, पायांवर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. तोंडात बळेच पाणी ओतू नये.

एवढे सांभाळल्यावर दम वाढविणे अवघड नाही. नव्या गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर औताला धरत नाही. तेच येथे करावे. पहिले दोन आठवडे सूर्य वर येण्यापूर्वी आणि मावळल्यावर पंधरा-पंधरा मिनिटे नुसते चालवावे. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. पाचव्या आठवड्यापासून मध्ये मध्ये एक-दोन मिनिटे हळू धाव, मग पुन्हा चाल. शक्यतो मऊ मातीवर. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. थांबल्यावर दहा मिनिटांत धाप बसली तर मात्रा बरोबर आहे. बसली नाही तर मागच्या आठवड्याच्या मात्रेवर यावे. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला लांब पळवू नये, त्याची हाडे अजून वाढत असतात. गोचीड-तापातून उठलेल्या कुत्र्याला डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरुवात करावी. दोन महिन्यांत फरक दिसतो.

उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आपल्या भागात जनावरांचे सरकारी दवाखानेही आहेत. म्हैस दाखवायला आपण जातो, कुत्रा दाखवायला मात्र लाजतो. लाजण्यासारखे त्यात काही नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत घोडे-उंटांबरोबर कुत्रेही कौतुकाने पाहिले जातात. पण त्याचे खरे मोल कळते ते आखाड्यावरच्या रात्री, तो भुंकतो म्हणून आपण निर्धास्त झोपतो तेव्हा. तो दमला म्हणून काठी उचलण्यापूर्वी एकदा त्याचा ओठ उचलून पाहा, एवढेच आमचे सांगणे आहे.