मुंबईची तक्रार

शहराचं नुसतं कौतुक करणारी गाणी पर्यटन खात्यानं वाजवावीत. लोकांच्या ओठी राहतात ती कुरकुरणारी. 'सीआयडी' (1956) मधलं रफी-गीता दत्तचं मुंबईगीत घ्या. ओ. पी. नय्यरांची चाल, शब्द मजरूह सुलतानपुरींचे, म्हणजे उत्तरेतून आलेल्या माणसाचे. पडद्यावर खिसेकापूच्या भूमिकेत जॉनी वॉकर, जो नट होण्याआधी इथल्याच बसमध्ये कंडक्टर होता! गाण्यात शहरातल्या गोष्टींची यादीच आहे; त्यातली ट्राम 1964 साली बंद झाली, गिरण्यांचे भोंगे 1982 च्या संपानंतर एकेक करून थांबले. बेइमानीची तक्रार मात्र आजही शिळी वाटत नाही. मला खरी गंमत शेवटच्या कडव्यात वाटते. तिथे गीता दत्त त्या रडगाण्याला सरळ उलट उत्तर देते, आणि तेही कुणाला? खिसेकापूला! मराठीत हा वाद जास्त धारदार झाला. पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईचा थाट रंगवला. पुढे अण्णाभाऊ साठ्यांनी त्याच लावणीच्या बाजात मलबार हिलच्या शेजारी परळचा घामेजलेला कामगार उभा केला. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या, गिरणीत राबलेल्या माणसाला हे शहर जसं दिसलं, तसंच त्यानं गायलं. शाळेच्या पुस्तकात या दोन्ही लावण्या शेजारी शेजारी छापायला हव्यात.