आजोबांची गोळी आणि सुनेचें यकृत्

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द उमटले कीं हल्लीं घरांत चिंता शिरते. यकृतांत शेंकडा ५ हून अधिक मेद सांठला म्हणजे त्यास हें नांव मिळतें. वेदना बहुधा नसते. परंतु कित्येकांत पुढें दाह होऊन यकृत् कठीण बनतें.

रक्तदाबाच्या गोळीनें हा मेद ओसरतो, अशी वार्ता आमच्या तिरोड्यापर्यंतही येऊन पोंचली आहे. ती निराधार नाहीं. बार्सिलोना विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२५ सालीं टेल्मिसार्टन हें रक्तदाबाचें आणि पेमाफायब्रेट हें मेदाचें औषध अल्प मात्रेंत एकत्र देऊन यकृतांतील मेद घटल्याचें दाखविलें. परंतु तें कोणांत? उंदरांत व झेब्राफिश माशाच्या पिलांत! मनुष्याच्या यकृतासाठीं ही गोळी सिद्ध झालेली नाहीं.

येथें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचें उदाहरण स्मरणीय आहे. सर्पगंधा आपल्या वैद्यांस शतकानुशतकें परिचित होती. तथापि केवळ परंपरेवर न विसंबतां त्यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांस ती देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवल्या व १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केल्या. तेव्हां जगानें ती मानली. पुढें तिच्यांतील रेसर्पिन या द्रव्यानें कांहीं रोग्यांस विषण्णता येते, असेंही आढळलें. गुणाची परीक्षा व्हावी तशीच दोषाचीही व्हावी, ती यासाठीं.

एकत्र कुटुंबांत औषधांचा डबा बहुधा सर्वांचा एकच असतो. धोका तेथेंच आहे. आजोबांची टेल्मिसार्टनची गोळी सुनेनें यकृतासाठीं घेतली आणि तिला दिवस गेलेले असले, तर गर्भाच्या मूत्रपिंडांस गंभीर अपाय होऊं शकतो. उलटपक्षीं, आजोबांना रक्तदाब व यकृतमेद हीं दोन्हीं असल्यास त्यांनीं आपली गोळी मनानें बंदही करूं नये व वाढवूंही नये.

मग उपाय कोणता? वजन शेंकडा ७ ते १० उतरविणें, हा आजही पहिला उपाय होय. ८० किलोच्या गृहस्थास सुमारें ६ ते ८ किलो. आमचा प्रांत धानाचा. ताटांत दोन्हीं वेळां भात. रोवणीच्या चिखलांत दिवसभर वांकणाऱ्यास तो पचतो. खुर्चीवर बसणाऱ्यानें भाताची एक मूद कमी करून डाळ-भाजी वाढवावी, साखर आवरावी, मद्य वर्ज्य करावें आणि नित्य चालावें.

आणि आज एवढें अवश्य करावें: डब्यांतील प्रत्येक औषधावर, तें ज्याचें आहे त्याचें नांव लिहून ठेवावें.