माशांसाठीही विरजण लावा

मंडळी, तुमच्या घरात काचेची टाकी असेल, तिच्यात गप्पी, बेट्टा नाहीतर एंजल मासे असतील आणि त्यांना तुम्ही रोज डबीतलं कोरडं खाणं घालत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: माशांचं थोडं तरी जिवंत खाणं घरी वाढवावं, ते ओढ्यानाल्यांतून आणू नये, आणि घरात वाढवलेलं बाहेर सोडू नये. पहिला मुद्दा वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण उरलेले दोन कॅनडात राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकावेत असे आहेत.

आधी जिवंत खाणं कशाला, ते पाहू. मोठे मासे डबीतल्या खाण्यावर बरे राहतात, हे मान्य. पण अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बेट्टाच्या पिल्लाचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं असतं, आणि जे हलतं तेच त्याला अन्न वाटतं. तळाशी निपचित पडलेली भुकटी त्याच्या लेखी मातीच. पिल्लं उपाशी मरतात आणि वर ती भुकटी कुजून पाणी बिघडवते. अशा वेळी वळवळणारे बारीक कृमी हाच उपाय असतो.

"आमच्याकडे हे चालत नाही, आम्ही शाकाहारी" असं म्हणणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एकदा त्या डबीमागची यादी वाचा. बहुतेक डब्यांवर पहिल्या दोन-तीन घटकांत माशांचा नाहीतर कोळंबीचा चुरा सापडेल. बेट्टा मुळातच किडे खाणारा प्राणी आहे. तो पाळला की त्याचा आहारही आपण पत्करलेला असतो. डबीमुळे तो फक्त नजरेआड होतो. ज्यांना हे नकोच असेल, त्यांनी मासे न पाळणं हा सरळ मार्ग आहे. पाळायचेच असतील, तर ते काय खातात हे मुलांपासून लपवू नये, असं मला वाटतं.

आता खाणं आणायचं कुठून? मुंबई-पुण्यात ज्यांनी टाकी ठेवली असेल त्यांना दुकानातला तो लालसर, वळवळता गुंता आठवत असेल. तो ट्युबिफेक्स. हा कृमी गटाराच्या, प्राणवायू कमी असलेल्या गाळात मजेत राहतो. त्याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून तो लाल दिसतो. अडचण अशी की जिथे तो राहतो तिथली घाण आणि रोगजंतूही तो सोबत आणतो.

याचा धडा कॅनडाला चांगलाच मिळाला आहे. ऑगस्ट 2016 मध्ये बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या जॉन्सन लेकमध्ये 'व्हर्लिंग डिसीज' हा ट्राउट माशांचा रोग सापडला. कॅनडातली ती पहिली नोंद. या रोगात लहान माशांच्या कूर्चेवर परिणाम होतो आणि ते स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरत राहतात. रोग करणारा सूक्ष्म परजीवी थेट एका माशातून दुसऱ्यात जात नाही. मेलेल्या माशातून त्याचे बीजाणू गाळात पडतात, ते ट्युबिफेक्स गिळतो, त्याच्या शरीरात परजीवी वेगळंच रूप घेतो आणि त्या रूपात पाण्यात उतरून पुढचा मासा गाठतो. ही दोन रूपं इतकी वेगळी आहेत की 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या वुल्फ आणि मार्किव या संशोधकांनी कोडं सोडवेपर्यंत ते दोन निराळ्या वर्गांतले जीव मानले जात. जॉन्सन लेकमधले मासे काढून टाकावे लागले, तळं उपसावं लागलं. तरीही 2023 च्या अखेरीस ब्रिटिश कोलंबियात, योहो उद्यानातल्या एमराल्ड लेकमध्ये, हा रोग आढळलाच.

हा रोग तुमच्या गप्पींना होत नाही. तो ट्राउट-सामनच्या कुळाचा. पण कृमी कधी एकटा येत नाही, एवढं यातून कळावं. म्हणून घरी वाढवलेल्या, स्वच्छ वंशाच्या कृमींचा मी आग्रह धरतो.

यासाठी कॅनडातलं तळघर ही उत्तम जागा आहे. एन्किट्रायस अल्बिडस नावाचा पांढरा कृमी गांडुळाचा दूरचा नातेवाईक, लांबीला दोन-तीन सेंटिमीटर. त्याला 10 ते 18 अंश सेल्सियसची थंडाई मानवते. नागपूरच्या मे महिन्यात तो तग धरणार नाही, पण विनिपेगच्या तळघरात सुखाने नांदेल. घर उबदार असेल तर त्याचा धाकटा भाऊ, ग्रिंडल कृमी, जास्त बरा. अगदी नवजात पिल्लांसाठी मायक्रोवर्म नावाचे एक-दोन मिलिमीटरचे सूत्रकृमी असतात. ओटच्या घट्ट लापशीवर चिमूटभर यीस्ट घालून त्यात ते सोडले की काही दिवसांत डब्याच्या कडांवर चढू लागतात. बोटाने पुसून घ्यायचे आणि टाकीत बुडवायचे.

पांढऱ्या कृमींची रीत विरजणासारखी आहे. झाकणाला भोकं पाडून त्यांवर कापड चिकटवलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात भिजवून पिळलेलं कोकोपीट भरा. मुठीत दाबलं तर पाणी ठिबकू नये, इतकंच ओलं. मासे पाळणाऱ्या एखाद्या ओळखीच्याकडून चमचाभर कृमी आणून मधोमध ठेवा. वर दुधात भिजवलेला पावाचा तुकडा किंवा शिजवलेले ओट, आणि त्यावर काचेचा तुकडा. दोन दिवसांत संपेल एवढंच खाणं घाला. जास्त घातलं की बुरशी आणि कोळीकिडे आलेच. काही आठवड्यांत काचेखाली पांढरा गुंता जमू लागेल. काच उचलून वाटीभर पाण्यात धुवा आणि कृमी माशांना द्या. पण हा सणाचा पदार्थ समजा. आठवड्यातून दोनदा पुरे. आणि एकच डबा ठेवू नका. विरजण जसं शेजारी दिलेलं असलं की मोडत नाही, तसंच हे.

आता तिसरा मुद्दा, बाहेर न सोडण्याचा. 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य आपण सगळे शाळेत शिकलो. महाराष्ट्रात ते खरं आहे. इथे मात्र जपून बोलावं लागतं. गेल्या हिमयुगात कॅनडाचा जवळजवळ सगळा भूभाग बर्फाखाली होता आणि तिथली गांडुळं नाहीशी झाली. आज ओंटारियोच्या मातीत दिसणारी बहुतेक गांडुळं युरोपातून माणसाबरोबर आलेली आहेत. मेपलच्या रानात जमिनीवर पानांचा जाड थर असतो. ओंटारियोचं राज्यफूल असलेल्या ट्रिलियमसारखी रानफुलं, झाडांची रोपं, सॅलमँडर त्या थराच्या आधाराने वाढतात. गांडुळं तो थर फस्त करतात. म्हणूनच ओंटारियोत मासेमारीचं आमिष किंवा त्याची माती पाण्यापासून 30 मीटरच्या आत टाकायला कायद्याने मनाई आहे.

"पण इथल्या थंडीत आपले कृमी मरतीलच ना?" असं कोणी म्हणेल. नाही, मरतीलच असं नाही. पांढऱ्या कृमींचे उत्तरेकडचे काही वंश शरीरात ग्लुकोज साठवून गोठणंही सोसतात. इथला वुड फ्रॉग नावाचा बेडूक हीच युक्ती करतो. तेव्हा डबा मोडायचा असेल तर उरलेले कृमी माशांना खाऊ घाला, कोकोपीटवर उकळतं पाणी ओता आणि निवल्यावर कचऱ्यात टाका. अंगणात नको, तळ्यात तर मुळीच नको. भारतातून परतताना बॅगेत 'चांगली माती' आणण्याचा मोहही टाळा. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे.

घरी मुलं असतील तर एक सुचवतो. हाच पांढरा कृमी ओईसीडीच्या 2004 च्या प्रमाणित चाचणीत माती किती विषारी आहे हे तपासायला वापरतात. त्याला किती पिल्लं होतात ते मोजून. मुलांना दोन डबे लावून द्या, एक तळघरात आणि एक स्वयंपाकघरात. महिन्याने दोन्हींतले कृमी मोजायला सांगा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी इतका स्वस्त प्रयोग दुसरा सापडणं अवघड. आणि पुढच्या वेळी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी मासे पाळत असल्याचं कळलं, तर दह्याच्या विरजणाबरोबर हेही चमचाभर देऊन पाहा. दोन्ही वाट्यांवर नावं मात्र नीट लिहा!