आतबट्ट्याचा व्यवहार नको

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची क्षमता प्रत्येकी 540 मेगावॅट. ही झाली तारेवर चढणारी वीज. तेवढ्यासाठी भट्टीत तिपटीहून जास्त उष्णता निर्माण करावी लागते आणि उरलेली बहुतेक सगळी कंडेन्सरच्या पाण्यातून अरबी समुद्रात जाते. थोड्या अंतरावर नवापूरच्या समुद्रात तारापूर एमआयडीसीचे सांडपाणी सोडले जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. कारखान्याच्या फाटकावर मांडलेला हिशेब अपुरा असतो, हे या किनारपट्टीला कुणी शिकवायला नको. अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जुळवून ऊर्जा काढण्याच्या प्रयोगांच्या बातम्याही त्याच नजरेने वाचायला हव्यात.

डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरने 2.05 मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि इंधनाने 3.15 मेगाज्यूल परत केली. शास्त्र म्हणून ही मोठीच मजल. पण तो लेसर चालवायला वीजजाळ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल घेतले गेले, हे किती बातम्यांत आले? फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ प्रकल्पाबद्दलही ‘50 मेगावॅट घालून 500 मेगावॅट काढणार’ असे सांगतात. ते 500 मेगावॅट उष्णतेचे आहेत, विजेचे नव्हेत. इटर वीज बनवणारच नाही. आणि 50 मेगावॅट म्हणजे फक्त प्लाझ्मात, आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूत, पोचलेली तापनशक्ती. प्रत्यक्षात त्या प्रकल्पाला 110 मेगावॅटपासून, काही क्षणांपुरती 620 मेगावॅटपर्यंत वीज लागेल.

खरी गळती आणि खरी संधी, जाळ्यातून घेतलेली वीज आणि प्लाझ्मात पोचलेली शक्ती या दोन आकड्यांच्या मधल्या वाटेवर आहे, आणि ती वाट बऱ्याच अंशी लहरींची आहे. चुंबकीय क्षेत्रात आयन ठरावीक गतीने घिरट्या घालतात. त्या गतीशी वारंवारता जुळवून लहर सोडली की ते ती ऊर्जा शोषतात आणि प्लाझ्मा तापतो. इटरमध्ये आयनांसाठी ही वारंवारता 40 ते 55 मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. इलेक्ट्रॉन फार हलके, म्हणून त्यांना 170 गिगाहर्ट्झच्या लहरी लागतात. त्या बनवणाऱ्या जायरोट्रॉन नळीत, चांगल्यातल्या चांगल्याही, विजेपैकी साधारण निम्म्याचीच लहर होते. आयनांच्या लहरीची अडचण वेगळी. अँटेना आणि दाट प्लाझ्मा यांच्यामध्ये विरळ थर असतो, त्यात ती क्षीण होते आणि काही भाग उलटा स्रोताकडे फिरतो. जेट या ब्रिटनमधल्या यंत्रावर अँटेनाजवळ थोडा वायू सोडून तो थर दाट केला, तेव्हा जास्त लहर आत शिरली. एवढ्याशा युक्तीने जे साधले, ते कित्येकदा नव्या ट्रान्समीटरनेही साधत नाही.

त्याहून विलक्षण युक्ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. हायड्रोजन आणि ड्यूटेरियमच्या मिश्रणात एक टक्क्याहूनही कमी हेलियम-3 मिसळले, तर लहरीची बहुतेक शक्ती तो मूठभर हेलियमच शोषून घेतो आणि प्रचंड वेगवान होतो. जेट आणि अमेरिकेतले अल्केटर सी-मॉड या दोन्ही ठिकाणी हे दिसले. लहरींनी नुसते तापवायचे असेही नाही; प्लाझ्मातला विद्युतप्रवाहही त्या चालू ठेवू शकतात. फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ यंत्राने प्लाझ्मा 1337 सेकंद टिकवला, तोही अवघ्या 2 मेगावॅट तापनावर. आणि 1992 मध्ये प्रिन्स्टनचे नॅथनिएल फिश व फ्रेंच शास्त्रज्ञ झां-मार्सेल राक्स यांनी मांडलेली कल्पना तर याहून धाडसी. संमीलनातून निघणारे वेगवान अल्फा कण आपली ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांवर खर्च करतात. ती मधल्यामध्ये लहरीने उचलून थेट इंधनाच्या आयनांना द्यायची. हे पूर्णपणे करून दाखवणे अजून बाकी आहे. जमले, तर बाहेरून घालायची वीजच कमी होईल. आमच्या मते अणुभट्टीचा आकार वाढवत नेण्यापेक्षा या कामावर केलेला खर्च अधिक शहाणपणाचा आहे.

यात भारत नुसता प्रेक्षक नाही. 2006 मध्ये पॅरिसला इटरच्या करारावर भारतातर्फे अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी सही केली. इटरचे अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राभोवतीचे निर्वात शीतपात्र, हजिऱ्याला, आपल्या याच किनाऱ्यावर उत्तरेकडे, लार्सन अँड टुब्रोने घडवले. त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण आयन तापवणाऱ्या लहरींचे रेडिओ स्रोत पुरवण्याची जबाबदारीही भारताचीच आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणजे जिथे ऊर्जा गळते, नेमके तिथले काम आपल्या हाती आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य आणि एसएसटी-1 हे टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारी यंत्रेही आहेत. लहरींच्या नव्या युक्त्या आधी घरच्या यंत्रावर घासूनपुसून पाहण्याची सोय किती देशांना असते? तिथे यंत्रावरचे तास आणि तरुण संशोधकांच्या जागा वाढवायला हात आखडता घेऊ नये.

डॉ. होमी भाभा यांनी 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत भाकीत केले होते की, दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणण्याची रीत सापडेल. तशी वीज आजही कुठल्या तारेवर नाही. भाकिते चुकतात, त्याचा दोष कुणाला देऊ नये. मात्र लोकांच्या पैशाने चाललेल्या प्रयोगाचा हिशेब पुरा मांडला गेला पाहिजे. अणुऊर्जा विभागाने यापुढे प्रत्येक निकालासोबत तीन आकडे जाहीर करावेत: स्रोताने जाळ्यातून घेतलेली वीज, अँटेनापर्यंत पोचलेली शक्ती आणि प्लाझ्माने शोषलेली शक्ती. आणि मराठी वृत्तपत्रांनी यातला पहिला आकडा मिळाल्याशिवाय ‘घातले त्याहून जास्त निघाले’ असा मथळा छापू नये.