हे मार्क शाळेचे की घराचे?

आठवीतली शंभर मुलं घ्या. ग्रामीण भागातली, सरकारी आणि खासगी शाळांतली मिळून. त्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं साधं गणित द्या. किती जणांना येईल? 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२४' या देशभरातल्या पाहणीचं उत्तर आहे, साधारण ४६ जणांना. २०१८ मध्ये हाच आकडा ४४ होता. मधल्या काळात कोविड येऊन गेला, शाळा बंद होऊन पुन्हा उघडल्या, नवं शैक्षणिक धोरण आलं. आठवीचा भागाकार मात्र जवळपास होता तिथेच आहे.

असे आकडे आले की दोन-चार दिवस चर्चा होते. 'झेडपीच्या शाळेत काही शिकवतच नाहीत', 'पालिकेच्या शाळेत कोण घालतं हो मुलांना?' वगैरे. पण हे आकडे नेमकं काय मोजतात, शाळेचं शिकवणं की शाळेत येणाऱ्या मुलाची परिस्थिती, हे फारसं कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, कारण कुणाला वरच्या वर्गात पाठवायचं आणि कुठल्या शाळेला शिक्षक द्यायचे, हे निर्णय निकालाच्या आणि पटाच्या आकड्यांवरच होतात.

वर्गात कोण बसलंय?

सरकारी शाळेचा सहावी ते आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. ज्यांना फी परवडते, त्यातले अनेक पालक आधीच इंग्रजी शाळेकडे वळलेत. उरलेल्या पटावर शेतमजुरांची, बांधकामावरच्या कामगारांची, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं जास्त. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघालेल्या आई-वडिलांबरोबर मुलंही कारखान्यावर जातात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही. ही मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल शाळेत मराठीतून विज्ञान शिकतं. मुंबई महापालिका तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. ही शहराच्या स्थलांतराची हजेरीच म्हणायची!

आता या वर्गाची सरासरी एखाद्या खासगी शाळेच्या सरासरीशेजारी ठेवली, तर तुलना नक्की कशाची झाली? क्लासला जाणाऱ्या, घरी अभ्यासाला खोली असणाऱ्या मुलाची आणि धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीची. त्यात शाळेचा वाटा किती, हे नुसत्या निकालावरून कळत नाही.

सोडतीने दिलेलं उत्तर

मग तो वाटा वेगळा काढायचा कसा? आंध्र प्रदेशात २००८ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. सरकारी शाळांतल्या ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, त्यांच्यातून सोडत काढून काहींना खासगी शाळेची फी भरणारी शिष्यवृत्ती दिली. म्हणजे दोन्ही गटांतली घरं सारखीच, फरक फक्त शाळेचा. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चार वर्षांनी दोन्ही गट तपासले. तेलुगू आणि गणितात फरक दिसला नाही. नुसत्या सरासरीत जी खासगी शाळांची आघाडी दिसायची, ती घर सारखं ठेवल्यावर या दोन विषयांत उरली नाही.

यावरून 'सरकारी शाळा झकास' असा निष्कर्ष मात्र काढू नका. त्याच अभ्यासात खासगी शाळांचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहून कमी निघाला. त्या शाळांनी तेलुगू आणि गणिताला कमी तास दिले, उरलेला वेळ इतर विषयांना दिला आणि हिंदीत त्यांची मुलं पुढे गेली. थोडक्यात, शाळेमुळे फरक पडतोच. पण तो किती आणि कशात, हे मार्कांच्या यादीत दिसत नाही.

मधल्या वर्गांचं काय?

'असर'चेच सरकारी शाळांचे आकडे पाहा. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. दोन वर्षांत ही चांगलीच उडी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेचा सगळा भर तिसरीपर्यंतच्या वाचन आणि गणितावर आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आठवीत मात्र तोच मजकूर वाचणारी मुलं ६६.२ वरून फक्त ६७.५ टक्क्यांवर गेली. म्हणजे सरकारी शाळेत आठवीपर्यंत आलेल्या दर तीन मुलांपैकी एकाला दुसरीचं पुस्तक नीट वाचता येत नाही.

हे मूल सहावीत येतं तेव्हा नेमकं काय होतं? दिल्लीतल्या पाच सरकारी शाळांतून निवडलेल्या सहावी ते नववीच्या मुलांवर २०१५ मध्ये एक अभ्यास झाला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, तर नववीतली साडेचार. एकाच वर्गात पाच-सहा इयत्तांच्या पातळीची मुलं शेजारी शेजारी बसलेली. शिक्षक पाठ्यपुस्तकाप्रमाणे पुढे सरकतात आणि मागे राहिलेलं मूल दर वर्षी आणखी मागे पडतं. याच मुलांपैकी काहींना शाळेनंतर रोज दीड तास, ज्याच्या-त्याच्या पातळीवरून शिकवलं. साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ती इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. मुलं तीच होती, घरंही तीच होती. बदललं ते शिकवणं.

त्यामुळे 'घरचीच परिस्थिती अशी, आम्ही काय करणार?' ही सबबही चालणार नाही.

उपाय की शिक्षा?

आता आपण काय करतोय ते बघू. २०१९ मध्ये संसदेने शिक्षण हक्क कायद्यात बदल करून पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाला पुरवणी संधी मिळते. तिथेही नापास झालं, तर पुन्हा तोच वर्ग. पण जे मूल दुसरीचा मजकूर वाचताना अडखळतं, त्याला आठवीचं तेच पुस्तक दुसऱ्यांदा दिल्याने काय होणार?

दुसरा निर्णय १५ मार्च २०२४ चा. संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असलेल्या शाळांमधल्या शिक्षकांच्या पदांवर गदा आली. शिक्षक संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. शिक्षण हक्क कायदा तर याच वर्गांसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक शिक्षक हवा म्हणतो. कमी पटाच्या शाळा असतात कुठे? पाड्यावर, तांड्यावर, डोंगरातल्या वाडीवर. जिथली मुलं सर्वांत मागून सुरुवात करतात, तिथेच शिक्षक कमी करायचे आणि पुढच्या वर्षी निकाल कमी लागला म्हणून शाळेलाच नावं ठेवायची, हा कुठला हिशेब?

हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडता येतो. शाळेचा निकाल किती लागला, याआधी हे मूल जूनमध्ये कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोचलं, हे विचारायचं. जूनमध्ये फक्त बेरीज येणारी मुलगी एप्रिलमध्ये भागाकार करायला लागली, तर ती नापास असली तरी तिची शाळा पास आहे. आणि नव्वद टक्के घेऊन आलेला मुलगा नव्वद टक्क्यांवरच राहिला, तर त्याच्या शाळेने काय केलं, हेही विचारायचं. सहावीच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची वाचनाची आणि गणिताची पातळी नोंदवायला 'असर'सारखी एका पानाची चाचणी पुरते.

हे विचारायची जागा कायद्यातच आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या शाळेच्या समितीवर कुणी ओळखीचं असेलच. पुढच्या बैठकीत निकालाची टक्केवारी वाचली गेली, की त्यांना एवढंच विचारायला सांगा, "सहावीत आली तेव्हा यातल्या किती मुलांना भागाकार येत होता?"